हवामान बदल, ऊर्जा बचत आणि राष्ट्रीय नेतृत्व: कोकणवासीयांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही कोकणात राहतो. राष्ट्रीय नेतृत्वाचा विचार आम्ही कशासाठी करायचा?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ संपूर्ण किनारा घासत गुजरातकडे गेले. त्याच वर्षी २२ जुलैला महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, सावित्री नदीने महाड आणि वाशिष्ठी नदीने चिपळूण पाण्याखाली घातले, आणि तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. तेरा-चौदा महिन्यांत हे सारे सोसलेल्या प्रदेशाला हवामान बदल म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

समुद्राचे तापणे एखाद्या ग्रामपंचायतीच्या ठरावाने थांबणार नाही. घरात कोणता पंखा लावायचा हे मात्र दिल्लीत बसून कोणी ठरवू शकत नाही. देशाने मानके नीट ठरवली, चांगल्या वस्तूचा भाव खाली आणला आणि संकटापूर्वी पैसा उभा केला, तर घरातला आणि गावातला योग्य निर्णय सोपा होतो. खालील उत्तरांत राष्ट्रीय नेतृत्व याच कसोटीवर तपासले आहे. लोकांना उपदेश करणे हे त्यामानाने फार सोपे काम आहे.

अरबी समुद्र पूर्वी शांत मानला जात असे. तो खरोखर बदलला आहे का?

होय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात नोंद आहे, की १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे १ अंशाने वाढले आणि उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला सरासरी ३.३ मिलिमीटर या वेगाने चढत गेली. मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. परंतु उधाणाच्या भरतीला खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीच्या, बांधावरून पाणी आत येते की येत नाही, हे अशाच थोड्या उंचीवर ठरते, आणि एकदा खारे पाणी भातशेतीत शिरले की ती जमीन पुन्हा गोडी व्हायला अनेक पावसाळे लागतात.

भारताने जगासमोर कोणती वचने दिली आहेत?

३० जून २००८ रोजी राष्ट्रीय हवामान बदल कृती आराखडा जाहीर झाला. त्यात सौर ऊर्जा, ऊर्जा कार्यक्षमता, पाणी, शेती, हिमालय, वने, शाश्वत वस्ती आणि ज्ञान अशी आठ अभियाने होती. किनाऱ्यासाठी स्वतंत्र अभियान त्यात नव्हते, ही उणीव कोकणातून पाहताना अधिक जाणवते. पुढे २०१५ चा पॅरिस करार झाला आणि भारताने २ ऑक्टोबर २०१६ रोजी त्याला मान्यता दिली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथे पंतप्रधानांनी २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे, म्हणजे हवेत जाईल तेवढाच कार्बन शोषून घेण्याचे, उद्दिष्ट घोषित केले. ऑगस्ट २०२२ मध्ये सुधारित केलेल्या राष्ट्रीय उद्दिष्टांनुसार २००५ च्या तुलनेत प्रत्येक रुपयाच्या उत्पादनामागचे उत्सर्जन २०३० पर्यंत ४५ टक्क्यांनी कमी करायचे आहे आणि वीजनिर्मितीची निम्मी स्थापित क्षमता कोळसा, तेल व वायू यांच्याव्यतिरिक्त स्रोतांची करायची आहे.

ही वचने पाळली जात आहेत का?

काही अंशी निश्चितच. निम्म्या क्षमतेचे उद्दिष्ट मुदतीच्या पाच वर्षे आधी, २०२५ मध्येच गाठले गेले, आणि २००५ ते २०२० या काळात उत्पादनामागचे उत्सर्जन ३६ टक्क्यांनी घटल्याचे भारताने संयुक्त राष्ट्रांना कळवले आहे. याचे श्रेय कोणत्याही एका सरकारचे नाही. सौर अभियान २०१० मध्ये सुरू झाले आणि २०१५ मध्ये त्याचे उद्दिष्ट वीस हजार मेगावॉटवरून एक लाख मेगावॉट करण्यात आले, म्हणजे सत्ता बदलली तरी धोरण पुढेच गेले.

तथापि क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि बातम्यांत त्यांची गल्लत नेहमी होते. सौर पॅनेल रात्री वीज देत नाही, मळभ आले की कमी देते. कोळशाचा संच मात्र चोवीस तास चालू शकतो. त्यामुळे क्षमता निम्मी झाली तरी देशात प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक वीज आजही कोळशापासून येते. एक युनिट वीज वापरली की सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तो यामुळेच. वीज वाचवण्याला पर्याय का नाही, ते या एका आकड्यात आहे.

दरडोई उत्सर्जन आपले इतके कमी असताना आपणच त्रास का सोसायचा?

हा प्रश्न रास्त आहे. भारतीय माणसाचे सरासरी उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे, आणि हवेत आधीच साठलेल्या वायूंचा मोठा वाटा श्रीमंत देशांचा आहे. आंतरराष्ट्रीय परिषदांत भारताने ही बाजू सातत्याने मांडली, ती योग्यच होती. त्याच वेळी एकूण उत्सर्जनात आपण जगात तिसरे आहोत आणि नुकसान सोसणाऱ्यांत आघाडीवर आहोत. शिवाय ऊर्जा बचत हा त्रास आहे, हे गृहीतकच तपासून पाहावे. बिल कमी येणे, रात्रभर बिनकामाचे जळणारे दिवे कमी होणे, नौकेला डिझेल कमी लागणे यात सोसण्यासारखे काही नाही.

ऊर्जा संवर्धन कायदा काय सांगतो?

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये संमत झाला आणि १ मार्च २००२ पासून अमलात आला. त्याच दिवशी ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी ही केंद्रीय यंत्रणा स्थापन झाली. कायदा संमत झाला तेव्हा केंद्रीय ऊर्जामंत्री सुरेश प्रभू होते आणि ते आपल्या राजापूर मतदारसंघाचे खासदार होते, ही गोष्ट कोकणात फारशी कोणाच्या लक्षात नाही. उपकरणांची मानके ठरवणे, मोठ्या उद्योगांना ऊर्जावापराचे हिशेब देण्यास बांधून घालणे आणि इमारतींसाठी नियम करणे हे अधिकार या कायद्याने दिले. २०२२ च्या दुरुस्तीने त्यात कार्बन क्रेडिट व्यापाराची, म्हणजे कमी केलेल्या उत्सर्जनाचे प्रमाणपत्र विकण्या-घेण्याची, तरतूद केली आणि मोठ्या निवासी इमारतीही कक्षेत आणल्या. महाराष्ट्रात या कायद्याची अंमलबजावणी महाऊर्जा ही संस्था पाहते.

सरकारच्या कोणत्या निर्णयाने सामान्य घरात खरोखर फरक पडला?

सर्वांत ठळक उदाहरण एलईडी बल्बचे आहे. २०१४ मध्ये सरकारी घाऊक खरेदीत एका बल्बचा दर सुमारे ३१० रुपये होता. वर्षानुवर्षे टिकणाऱ्या, वीज वाचवणाऱ्या बल्बचे महत्त्व सांगणाऱ्या जाहिराती त्याआधीही होत्या, पण तीनशे रुपयांचा बल्ब घेणे मजुरी करणाऱ्या कुटुंबाला परवडत नव्हते, आणि दुकानदारही तो फडताळात ठेवत नसे. ५ जानेवारी २०१५ रोजी उजाला योजना सुरू झाली. ऊर्जा मंत्रालयाच्या अखत्यारीतील एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या कंपनीने साऱ्या देशाची मागणी एकत्र करून निविदा काढल्या, आणि दोन वर्षांच्या आत हाच दर ३८ रुपयांपर्यंत उतरला. या योजनेतून छत्तीस कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. त्याहून मोठा परिणाम असा झाला, की खुल्या बाजारातही एलईडी स्वस्त झाला आणि जुना पिवळा बल्ब आपोआप मागे पडला.

हिशेब साधा आहे. ६० वॉटच्या जागी ९ वॉटचा दिवा रोज पाच तास लागला, तर वर्षाला सुमारे ९३ युनिट वाचतात. ओटीवर, पडवीत, न्हाणीघरात आणि गोठ्यात असे चार दिवे असतील तर वर्षाला सुमारे ३७० युनिट वाचू शकतात. कोणालाही भाषण न देता, कोणाची सोय न काढून घेता हे घडले. राष्ट्रीय नेतृत्व कसे असावे असे कोणी विचारले तर मी प्रथम याच योजनेकडे बोट दाखवतो.

मग पंख्यांच्या बाबतीत तसे का झाले नाही?

पंख्यांचे काम उशिरा सुरू झाले, हे मान्य करावे लागेल. उपकरण किती वीज वाचवते हे दाखवणारे स्टार २००६ मध्ये आले, परंतु छताच्या पंख्यांना ते सक्तीचे झाले १ जानेवारी २०२३ पासून. साधा पंखा सुमारे ७५ वॉट घेतो, तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा, पंखा तीसच्या आसपास. कोकणच्या दमट हवेत पंखा वर्षातले आठ-नऊ महिने आणि दिवसाचे बारा तास सहज फिरतो, त्यामुळे एका पंख्यामागे दीडशे युनिटांच्या जवळपास बचत होते. अडथळा आहे तो किमतीचा, कारण बीएलडीसी पंखा साध्या पंख्याच्या दुपटीपर्यंत महाग पडतो. बल्बसाठी केली तशी मोठ्या प्रमाणावरची एकत्रित खरेदी इथेही व्हायला हवी, आणि तीही लवकर.

आमच्याकडे पर्यटकांसाठी खोल्या आहेत. एसीशिवाय पाहुणे थांबत नाहीत. काय करावे?

एसी लावू नका असे कोणी म्हणत नाही. जानेवारी २०२० पासून स्टार असलेल्या खोलीच्या एसीत मूळ तापमान २४ अंशांवर ठेवलेले असणे बंधनकारक आहे, आणि तापमान एक अंश वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी सांगते. म्हणजे २० ऐवजी २४ वर एसी चालवल्यास जवळपास पाव वीज वाचते. खोलीत एसीबरोबर मंद पंखा चालू ठेवला तर पाहुण्याला फरकही जाणवत नाही.

याहून महत्त्वाचे आहे ते घर. जांभ्याच्या जाड भिंती, मंगलोरी कौलांचे उतरते छप्पर, खाली माळा आणि चहूबाजूंनी पुढे आलेली वळचण अशा घरात भर एप्रिलमध्येही दुपारी बसवते. निसर्ग वादळानंतर अनेकांनी कौले काढून पत्रे घातले. घाईत दुसरा मार्गही नव्हता. पण पत्र्याखालची खोली तापते आणि मग एसीची गरज निर्माण होते. निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता डिसेंबर २०१८ मध्ये आली खरी, परंतु कायद्याची पकड मोठ्या वीजभाराच्या इमारतींवर आहे. वाडीतल्या एकमजली घरासाठी, वादळात टिकेल आणि उन्हात तापणार नाही अशा छपराचा सोपा नमुना व त्यासाठी अर्थसाहाय्य देणारी योजना असायला हवी. घरकुल योजनेतच ती बसवता येईल.

कोकणात इतका पाऊस पडतो. घरावर सौर पॅनेल बसवून उपयोग आहे का?

आहे, मात्र अपेक्षा नेमकी ठेवावी. एक किलोवॉटच्या संचाला साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते आणि वर्षाची सरासरी धरली तर तो दिवसाला चार युनिटांच्या आसपास वीज देतो. ऑक्टोबर ते मे या काळात निर्मिती उत्तम असते. आषाढ-श्रावणात ती बरीच घसरते. नेट मीटरिंगमुळे, म्हणजे वाहिनीत दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा होत असल्याने, उन्हाळ्यातली जादा वीज पावसाळ्यात वळती करता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तीन किंवा अधिक किलोवॉटसाठी एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. एक कोटी घरांचे उद्दिष्ट आहे.

तीन गोष्टी विक्रेते सहसा सांगत नाहीत, म्हणून इथे सविस्तर लिहितो. पहिली, बॅटरी नसलेला संच लाईट गेल्यावर बंद पडतो, कडक ऊन असले तरीही. हा दोष नाही. तुमच्या छपरावरची वीज वाहिनीत शिरून खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतू नये म्हणून ही रचना असते. वादळानंतरच्या अंधारात आधार हवा असेल तर बॅटरीचा वेगळा खर्च धरावा लागेल. दुसरी, खाऱ्या वाऱ्यात साधे लोखंड चार-पाच वर्षांत गंजते; सांगाडा चांगल्या प्रतीच्या जस्तलेपनाचा किंवा ॲल्युमिनियमचा घ्या आणि तो स्लॅबला किंवा वाशांना कसा बांधला आहे, हे स्वतः पाहा. तिसरी गोष्ट चाकरमान्यांच्या घरांची. वर्षातले दहा महिने बंद असलेल्या घरावर मोठा संच बसवू नये, कारण वर्षअखेर शिल्लक राहिलेल्या युनिटांना मिळणारा दर आपण भरतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो.

वादळात वीज आठवडेच्या आठवडे जाते. त्यावर देशपातळीवर काही झाले आहे का?

निसर्ग वादळानंतर काही वाड्यांत महिनाभर वीज नव्हती. पाण्याचा पंप बंद, मोबाइल बंद, बर्फ नाही म्हणून आणलेली मासळी फुकट. वायरमन आणि बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेली पथके पावसात दिवसरात्र राबत होती, पण हजारो खांब एकाच वेळी पडल्यावर माणसे किती पुरणार? त्या महिन्यात आमच्या घरी रोज संध्याकाळी पाच घरांचे मोबाइल एका रिक्षाच्या बॅटरीवर चार्ज होत असत. तेव्हापासून ऊर्जेचा प्रश्न मला केवळ बिलाचा वाटत नाही.

राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश होता आणि त्यातून निवारा केंद्रे व निवडक ठिकाणी भूमिगत वीजवाहिन्या हाती घेण्यात आल्या. ओडिशाने १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर निवारे, पूर्वसूचना आणि स्थलांतराची शिस्त वर्षानुवर्षे उभी केली आणि जीवितहानी कमालीची घटवली. पश्चिम किनाऱ्यावर ही तयारी उशिरा सुरू झाली. २०१९ मध्ये भारताच्या पुढाकाराने आपत्तीत टिकणाऱ्या पायाभूत सुविधांसाठीची आंतरराष्ट्रीय आघाडी स्थापन झाली असून तिचे मुख्यालय दिल्लीत आहे. जगाला हा विषय शिकवणाऱ्या देशात दापोली आणि मुरूडच्या विजेच्या खांबांनी ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वाऱ्यात उभे राहायला हवे.

कोकण रेल्वेच्या विद्युतीकरणाचा पर्यावरणाशी काय संबंध?

रोहा ते ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग मार्च २०२२ पर्यंत पूर्ण विद्युतीकृत झाला आणि जून २०२२ मध्ये तो राष्ट्राला अर्पण करण्यात आला. डिझेलचा खर्च वाचला, बोगद्यांतला धूर गेला. त्याहीपेक्षा कौतुक करावे ते १९९९ पासून चालणाऱ्या रो-रो सेवेचे: भरलेले ट्रक थेट मालगाडीवर चढवून नेल्याने घाटांत जळणारे डिझेल वाचते. इतकी चांगली कल्पना आणखी कितीतरी मार्गांवर पोहोचायला हवी होती.

कांदळवनाला लोक निरुपयोगी चिखल म्हणतात. त्याचे महत्त्व काय?

कांदळवन, म्हणजे खारफुटीचे जंगल, लाटांचा जोर मोडते, खाडीकाठची धूप थांबवते, कोळंबी-खेकड्यांची पिल्ले सांभाळते आणि चिखलात मोठ्या प्रमाणावर कार्बन गाडून ठेवते. महाराष्ट्राने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाचा नाश हा जगण्याच्या मूलभूत अधिकाराचा भंग ठरवला. केंद्राची मिष्टी ही कांदळवन लागवडीची योजना २०२३ ची. लागवडीपेक्षा असलेले राखणे अधिक स्वस्त आणि खात्रीचे आहे, असे माझे ठाम मत आहे. भराव टाकून कांदळ मारायचे आणि दुसरीकडे रोपे लावून छायाचित्र काढायचे, याला संवर्धन म्हणता येणार नाही. वेंगुर्ल्याजवळ महिलांचा बचत गट पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतो आणि त्यातून उत्पन्न मिळवतो. संवर्धनाशी पोट जोडले गेले की राखण आपोआप होते.

आंबा बागायतदार आणि मच्छीमार यांच्यासाठी काय केले जात आहे?

हापूसला मोहोर येण्यासाठी कोरडी थंडी लागते. थंडी जास्त दिवस टिकली की पुनर्मोहर येतो आणि आधी धरलेली कणी, म्हणजे बारीक फळे, गळते. मध्येच अवकाळी पाऊस किंवा मळभ आले की तुडतुडे, फुलकिडे आणि करपा यांचा उपद्रव वाढतो व फवारणीचा खर्च दुप्पट होतो. हवामानावर आधारित फळपीक विमा आहे, पण भरपाई स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. डोंगर, खाडी आणि समुद्र जवळजवळ असलेल्या कोकणात दोन मैलांवर हवा बदलते. केंद्रांची संख्या आणि जागा सुधारल्याशिवाय हा विमा बागायतदाराला आपला वाटणार नाही.

मच्छीमारांसाठी हैदराबादची इन्कॉईस ही केंद्रीय संस्था उपग्रहांच्या आधारे संभाव्य मासेमारी क्षेत्रांची सूचना देते. मासळी शोधत फिरण्याचा वेळ वाचला की डिझेल वाचते, म्हणून ही सेवा मी ऊर्जा बचतीतच धरतो.

जैतापूरसारख्या प्रकल्पांबाबत काय भूमिका घ्यावी?

ती प्रत्येकाने स्वतः ठरवावी. वस्तुस्थिती अशी, की जैतापूरला प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्यांचा प्रस्ताव आहे. देशातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ पासून आपल्याच किनाऱ्यावर तारापूरला आहे. कोयनेची जलविद्युत पोफळी गावात तयार होते. जयगडला कोळशाचा आणि दाभोळला वायूचा प्रकल्प आहे. राज्याला वीज पुरवण्यात कोकणाचा वाटा मोठा आहे. अणुवीज निर्मितीत कार्बन उत्सर्जन अत्यल्प असते, हे खरे. समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याने मासळीचे काय होईल, हा साखरी नाटेच्या मच्छीमारांचा प्रश्नही तितकाच खरा. हवामानाचे कारण पुढे करून स्थानिकांचे प्रश्न बाजूला सारणे, हे नेतृत्व नव्हे.

निवडणुकीत उमेदवाराला याविषयी काय विचारावे?

मोघम विचारू नये. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्ती निधीतील २० टक्के वाटा संकटापूर्वीच्या निवारणासाठी राखला. त्यातून आपल्या तालुक्यात कोणते काम झाले, हे विचारावे. भूमिगत वाहिन्या कोणत्या गावापर्यंत आल्या, दरडप्रवण वाड्यांचे पुनर्वसन कुठवर आले, नळपाणी योजनेचा पंप सौर ऊर्जेवर कधी जाणार, हेही विचारावे. वर्ष आणि गावाचे नाव घेऊन उत्तर मिळाले तर उमेदवाराने अभ्यास केला आहे, असे समजावे.

शाळेत याविषयी कार्यक्रम कधी आणि कसा घ्यावा?

१४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन आहे. घोषवाक्यांच्या फलकांबरोबर त्या दिवशी मुलांना शाळेचा वीजमीटर वाचायला शिकवावे. आकडा फळ्यावर तारखेसह लिहावा, पुढे दर सोमवारी तो पुन्हा नोंदवावा, आणि पाणी भरायचा पंप, वर्गातले पंखे व संगणक यांपैकी कशाला किती युनिट लागतात, याचा हिशेब सातवी-आठवीच्या मुलांकडून करून घ्यावा. मार्चअखेरीस ती वही ग्रामसभेत वाचायला द्यावी.